हात हीसुद्धा फांदीच वाटली पाहिजे: कॅमेलिऑनला माणसाळवताना

प्रश्न असा आहे: घरात आठ महिन्यांचा कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा आहे, व्हेल्ड जातीचा नर. दोन-तीन महिन्यांचा होता तेव्हा मुकाट हातावर बसायचा. आता पिंजऱ्याचं दार उघडलं की फुगतो, फिसकारतो आणि परवा अंगठ्याला कडकडून चावला. मैत्रिणीकडचा पँथर जातीचा कॅमेलिऑन मात्र दार उघडायचा अवकाश, स्वतःहून हातावर चढतो. मग आपलं कुठे चुकलं? आणि रोज पंधरा मिनिटं बळेच हातात धरून ठेवलं तर याची भीती मोडेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आजच उपयोगी पडायला हवं. बळेच धरू नका. औषध पाजायचं असेल, पशुवैद्याकडे न्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण सवय लागावी म्हणून कधीच नाही. मी कॅमेलिऑन पाळायला लागले तेव्हा मलाही कुणीतरी हाच सल्ला दिला होता आणि मी तो इमानेइतबारे पाळला. माझा पहिला व्हेल्ड, बंड्या. रोज संध्याकाळी त्याला फांदीवरून सोडवून हातात घ्यायचे. पहिले चार दिवस त्याने झटापट केली. पाचव्या दिवशी गप्प बसला. अंग काळपट तपकिरी, डोळे अर्धवट मिटलेले. मला वाटलं, माणसाळला! आठवड्याभरात त्याने खाणं सोडलं. रात्री सोडलेले रातकिडे सकाळी जाळीवर तसेच फिरताना दिसायचे. त्याला पुन्हा माझ्यासमोर खायला लागायला दोन महिने गेले.

ते गप्प बसणं नेमकं काय होतं हे मला पुढे एका अभ्यासामुळे कळलं. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी व्हेल्ड नरांना एकमेकांसमोर आणून त्यांचे रंग मोजले आणि 2013 साली ते प्रसिद्ध केलं. ज्याच्या अंगावरचे पट्टे जास्त उजळ होतात तो पुढे चालून जाण्याची शक्यता जास्त. ज्याचं डोकं जास्त उजळतं आणि रंग झपाट्याने चढतो तो जिंकण्याची शक्यता जास्त. त्याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यात दिसलं की हरणारा नर काळवंडतो. काळा पडणं म्हणजे ‘मी माघार घेतली, आता सोड’ असा संदेश. बंड्या माझ्या हातात रोज हरत होता आणि मी त्याला शांत म्हणत होते.

म्हणून रंगाकडे पाहताना आपण एक गोष्ट मनातून काढून टाकायला हवी. झगमगीत रंग म्हणजे खूश आणि फिकट म्हणजे उदास, असं ते नसतं. पँथरच्या कातडीवर जिनिव्हा विद्यापीठात काम झालं, 2015 साली. त्यात दिसलं की कातडीतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी निवांत असला की ही जाळी दाट असते आणि निळा प्रकाश परावर्तित होतो. त्यावर कातडीतला पिवळा रंग मिसळला की आपल्याला हिरवं दिसतं. तो उत्तेजित झाला की जाळी विरळ होते आणि पिवळा, केशरी, लाल रंग बाहेर पडतात. दार उघडल्यावर तुमचा व्हेल्ड क्षणात पिवळ्या-निळ्या पट्ट्यांनी पेटून उठत असेल आणि बाजूने चपटा होऊन पानासारखा रुंद दिसत असेल, तर तो फोटोसाठी छान आहे, पण तो तुम्हाला आव्हान देतोय. व्हेल्डचा निवांत रंग साधा असतो. हिरवा, थोडासा फिका, पट्टे जेमतेम उमटलेले. तो रंग ओळखायला शिका. पिंजऱ्यापासून सात-आठ फुटांवर गुपचूप बसून सकाळच्या उन्हात किंवा दिव्याखाली तो कसा दिसतो ते बघा. तीच तुमची मोजपट्टी.

आता पहिला प्रश्न: चुकलं का? बहुधा नाही. पिल्लू हातावर बसतं ते बऱ्याचदा भीतीने थिजून. एवढ्याशा जिवाकडे लढण्याचा पर्यायच नसतो. हलायचं नाही, दिसायचं नाही, एवढंच त्याला जमतं. व्हेल्ड साधारण पाच-सहा महिन्यांत वयात येतात. त्यानंतर नराच्या दृष्टीने पिंजरा ही त्याची हद्द होते आणि त्याच्याकडे आता फुगायला अंग असतं, चावायला जबडा असतो. म्हणजे आधीही तो तुम्हाला घाबरतच होता. आता ते सांगण्याची ताकद त्याला आली आहे. ‘लहानपणी प्रेमळ होता, मोठा होऊन बिघडला’ ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी जनावराची बाजू घ्यावीशी वाटते.

मैत्रिणीच्या पँथरशी तुलनाही करू नका. एक तर जातच वेगळी. व्हेल्ड मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडचा, आणि पाळल्या जाणाऱ्या कॅमेलिऑनांमध्ये आपली हद्द राखण्यात सगळ्यांत कडवा. पँथर मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्याकडचा. तो चौकस असतो, खाण्याच्या बाबतीत धीट असतो, आणि खाण्याचा लोभ भीतीवर मात करतो म्हणून हातावर लवकर येतो. तीन शिंगांचा जॅक्सन, केनिया-टांझानियाच्या थंड डोंगराळ भागातला, याच्याबद्दल मात्र सावध राहा. तो फिसकारत नाही, फारसा चावत नाही, म्हणून लोक त्याला ‘गरीब’ समजून सारखे हातात घेतात. तो आतल्या आत झुरतो. उष्णता आणि दगदग दोन्ही त्याला सोसत नाहीत, आणि तक्रार करायची त्याची पद्धत इतकी हळू आवाजातली आहे की ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या मते तापट व्हेल्डपेक्षा शांत जॅक्सन सांभाळायला अवघड. व्हेल्ड निदान तोंडावर सांगतो.

पार्सन हा वजनाने सगळ्यांत मोठ्या कॅमेलिऑनांपैकी एक. अतिशय संथ आणि भारदस्त. पण तो नवख्याने पाळायचा प्राणीच नाही. आणि ते बोटभर लांबीचे, पाचोळ्यात राहणारे कॅमेलिऑन: त्यांना उचललं की काही जण अंगातून बारीकशी थरथर सोडतात, तळहाताला फोन व्हायब्रेट झाल्यासारखं जाणवतं. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. ती त्यांची ‘सोड मला’ची हाक आहे. त्यांना फक्त बघावं.

जातीच्या पलीकडे प्रत्येकाचा स्वभाव असतोच. माझ्याकडे एकाच वेतातल्या अंड्यांतून आलेले दोन पँथर भाऊ होते, एकाच खोलीत, एकसारख्या पिंजऱ्यांत, एकाच माणसाच्या हाताखाली वाढलेले. एक चौथ्या महिन्यात माझ्या मनगटावरून खांद्यावर चढून पडद्याच्या दांडीकडे निघायचा. दुसरा तीन वर्षांचा झाला तरी मी जवळ गेले की फांदीच्या मागच्या बाजूला सरकायचा, फांदीएवढा सडपातळ होऊन, एक डोळा तेवढा कडेने माझ्यावर. दोघांनाही मी सारखाच वेळ दिला होता. दुसऱ्याला मी हातावर घेतलं नाही. तो माझ्या हातातून खायचा आणि आमचं त्यावर भागलं.

मादीचं थोडं वेगळं असतं. नराचा सहवास नसला तरी व्हेल्ड मादी अंडी धरते, आणि त्या काळात तिचा रंग गडद होतो, अंगावर पिवळे-निळसर ठिपके उमटतात. तेव्हा ती कुणालाच जवळ येऊ देत नाही आणि तिचं बरोबर आहे. त्या दिवसांत तिला हातही लावू नका. माती भरलेलं खोल भांडं द्या आणि आडोसा करा. जंगलातून पकडून आणलेला प्राणी असेल तर तो पिंजऱ्यात जन्मलेल्यापेक्षा कितीतरी भेदरलेला असतो, पोटात जंतही असू शकतात. असा प्राणी विकत घेऊच नये असं मला वाटतं. कॅमेलिऑनच्या बहुतेक जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे प्राण्याची कागदपत्रं आणि तो कुठे जन्मला हे विचारणं हा तुमचा हक्कच आहे.

आता तुमचा हात त्याला कसा दिसतो ते बघू. कॅमेलिऑनचं जग डोळ्यांचं आहे. कानांना बाहेरून भोकच नाही, ऐकू येतं ते कमी, वासाची जाणही बेताची. डोळे मात्र दोन दिशांना स्वतंत्र फिरतात आणि जवळजवळ सगळीकडचं एकाच वेळी दिसतं. म्हणजे गोड आवाजात बोलून त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. हालचाल कशी आहे, हेच सगळं. वरून येणारी मोठी सावली म्हणजे पक्षी. पाच बोटं पसरून वरून खाली आलेला हात म्हणजे पंजे रोखून आलेली घार. पिंजरा जमिनीवर किंवा बुटक्या टेबलावर असेल तर तुम्ही रोज कित्येकदा घार होऊन त्याच्यावर झेपावता, पाणी बदलतानासुद्धा. त्यामुळे माझा पहिला उपाय हाताचा नाहीच, जागेचा आहे. पिंजरा उचलून उंच ठेवा, त्याची सगळ्यांत वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर यायला हवी. पाठीमागची आणि एखादी बाजूची भिंत झाका. आत दाट पानांचं झाड ठेवा. लपायला जागा मिळाली की कॅमेलिऑन कमी लपतो. हे ऐकायला उलटं वाटेल, पण करून बघा. पिंजऱ्यात आरसा किंवा चकाकणारी काच नको, तिथे त्याला दुसरा नर दिसतो. नुसत्या उंचीने चिडचिड निम्म्याने उतरलेले व्हेल्ड मी पाहिले आहेत.

मग खाणं. मला एकच खूण विचाराल तर ती जिभेची. भेदरलेला कॅमेलिऑन तुमच्यासमोर जीभ सोडत नाही. रंग फसवू शकतो, गप्प बसणं फसवू शकतं. जीभ सोडताना मात्र त्याला दोन्ही डोळे शिकारीवर आणावे लागतात, म्हणजे तेवढा क्षण तुमच्यावरची नजर काढावी लागते. ज्याने नजर काढली त्याने तुमचा हिशेब धोक्यातून वगळला. बंड्याने दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या समोर जीभ सोडली तो क्षण मला लख्ख आठवतो. मी बोटांच्या चिमटीत रेशमाची अळी धरून दारात उभी, हात अवघडून आलेला. त्याचा एक डोळा अळीवर, दुसरा माझ्या चेहऱ्यावर. मग दुसराही डोळा हळूच फिरून अळीवर आला. तोंड किंचित उघडलं, जिभेचं गुलाबी टोक दिसलं, आणि टप्प! बोटांना ओलसर ठोका बसला आणि अळी गेली. तो चावत बसला, मी हात खाली घेतला आणि निघून गेले. त्या दिवशी पुढे काहीच केलं नाही. लगेच हात पुढे केला असता तर त्या अळीची किंमत त्याला कळली असती.

तुमच्या नरासाठी क्रम साधारण असा ठेवा. पहिले आठ-दहा दिवस फक्त बाजूला बसा. वाचा, काम करा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. त्यानंतर दार उघडायचं, खाऊ ठेवायचा, जायचं. खाऊ एरवी मिळत नाही असा असावा: रेशमाची अळी, हिरवट रंगाची शिंगाळी अळी, अधूनमधून सुपरवर्म (एका भुंग्याची मोठी अळी). व्हेल्ड पानंफुलंही खातो, म्हणून जास्वंदीचं फूल उत्तम काम करतं. माझ्या अनुभवात हट्टी व्हेल्ड अळीआधी फुलाला भुलतो. सुरुवातीला लांब चिमट्याने किंवा छोट्या वाटीतून द्या, मग वाटी हातात धरा, मग तळहातावर ठेवा. प्रत्येक पायरी त्याने निवांत रंगात तीन-चार वेळा पार केली तरच पुढची. फुगला, काळा पडला, झुलायला लागला तर एक पायरी मागे. त्याच्या पोटात भूक असताना, म्हणजे सकाळी अंग शेकून झाल्यावर, हे करा. संध्याकाळी नको, तेव्हा तो झोपेच्या तयारीत असतो. मी बंड्याला रोज नेमकी त्याच वेळी उचलत होते.

किती दिवस लागतील? पँथरला काही आठवडे, व्हेल्डला काही महिने. काही व्हेल्ड खाण्याच्या पायरीवरच थांबतात.

हातावर घेण्याआधी मला दाराची पायरी आवडते. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायचं आणि बाहेर एक कुंडीतलं मोठं झाड अशा रीतीने ठेवायचं की आतली फांदी बाहेरच्या फांदीला टेकेल. तुम्ही दूर बसा. कॅमेलिऑनला उंच आणि पुढे जायची ओढ असते. तो येईल, कदाचित तिसऱ्या दिवशी, कदाचित तिसाव्या. बाहेरचं झाड म्हणजे मोकळीक, आणि ती मोकळीक तुम्ही असताना मिळते, एवढं त्याला उमगतं. नंतर दोन फांद्यांच्या मध्ये थोडी फट ठेवायची आणि त्या फटीत तुमचा हात, आडवा, स्थिर, छातीच्या उंचीपासून खालून वर नेलेला. त्याचे पाय पकडीचे आहेत, बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली. त्याला गोल, न हलणारं काहीतरी हवं. बोट किंवा मनगट चालतं, पसरलेला सपाट तळवा चालत नाही. आधी एक पाय पुढे येईल, थबकेल, मागे-पुढे झुलेल, वाऱ्यातल्या पानासारखा. तुम्ही श्वासही जपून घ्या. तो परत गेला तर जाऊ द्या.

आला तर त्याला धरू नका, फक्त आधार द्या. शेपटी मनगटाला गुंडाळू द्या. पुढे चालायला लागला की दुसरा हात पुढे करत राहा, जिना चढवल्यासारखा. शक्यतो जमिनीवर किंवा गादीवर बसून करा. पडण्याने हाडं मोडतात, आणि कॅल्शियम किंवा यूव्हीबी (हाडांसाठी लागणारे अतिनील किरण) कमी पडलेल्या कॅमेलिऑनची तर नुसत्या ओढण्यानेही मोडतात. फांदी घट्ट धरलेल्या कॅमेलिऑनला कधीही ओढून काढू नका. नखं निघतात, बोटं दुखावतात. त्याची शेपटीही पालीसारखी पुन्हा येत नाही. उतरवणं अगदीच भाग असेल तर फांदीसकट बाहेर घ्या. दहा मिनिटं पुरे, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. आधी आणि नंतर हात साबणाने धुवा, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

चावला तर हात झटकू नका. मला माहीत आहे, हे सांगणं सोपं आणि करणं अवघड. पण त्याचे दात जबड्याच्या कडेवर नुसते चिकटलेले असतात आणि तुटले तर पुन्हा येत नाहीत. हिसका दिला तर तुमच्या कातडीपेक्षा त्याचा जबडा जास्त फाटतो. हात आणि तो, दोघांना फांदीजवळ न्या, तो स्वतः सोडतो. विष वगैरे काही नसतं. जखम साबण-पाण्याने नीट धुवा, खोल असेल किंवा सुजली तर डॉक्टरांना दाखवा. आणि चावल्याबरोबर घाईने दार लावून पळू नका. दोन पावलं मागे सरून क्षणभर उभे राहा, मग जा. चावलं की माणूस पळतो, हा धडा व्हेल्ड एका दिवसात शिकतो. त्याहून महत्त्वाचं, चावण्याआधी त्याने चार वेळा सांगितलेलं असतं. फुगणं, चपटं होणं, तोंड वासणं, फिसकारणं. ते ऐकलं तर पाचवी वेळ येत नाही. कात टाकताना, नुकतंच पोटभर खाल्ल्यावर आणि आजारात त्याच्या वाटेला जाऊच नका.

आणि एक बाब, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल. तुमचा रोज फिसकारणारा व्हेल्ड एखाद्या सकाळी अचानक शांतपणे हातावर आला, डोळे दिवसा मिटायला लागला, डोळे खोल गेलेत, पकड ढिली वाटतेय, तर आनंदून जाऊ नका. त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. कॅमेलिऑन आजार लपवतात, कारण रानात आजारी दिसणारा आधी उचलला जातो. खरं माणसाळणं आठवड्या-आठवड्यांनी, मागे-पुढे होत येतं आणि त्यात डोळे सतत जागे, फिरते असतात. एका रात्रीत आलेला मवाळपणा बहुतेक वेळा अशक्तपणा असतो. माझ्या ओळखीत एकाने असा ‘प्रेमळ झालेला’ व्हेल्ड आठवडाभर खांद्यावर घेऊन मिरवला. आठव्या दिवशी तो गेला. तपासणीत मूत्रपिंडं निकामी झालेली निघाली.

तेव्हा या आठवड्यात पिंजरा उंच करा, मागची बाजू झाका, यूव्हीबीचा दिवा किती जुना आहे ते बघा. हात आतच न्यावा लागला तर खालून, बोटं मिटून, हळू. पंधरा दिवसांनी सकाळी दारात जास्वंदीचं फूल धरून उभे राहा आणि त्याचा दुसरा डोळा कुठे आहे ते बघा. तो तुमच्या चेहऱ्यावरच असेल तर फूल तिथेच फांदीत खोचून ठेवा आणि बाजूला व्हा.